हाफवे

शेफील्डला सात टेकड्या आहेत म्हणे.
मी टेकड्या मोजल्या नाहीत, लिफ्टा मोजल्यात.
एकशे बारा.
बंद पडली की मला बोलावतात,
चालू झाली की मला भूक लागते.
अर्धा तास आणि पाच पौंड :
एवढ्यात जेवढं शहर मावतं
तेवढं माझं तोंडपाठ.

बर्नग्रीव्हच्या चढावर नजीबचं यमनी हॉटेल, टेबलं चार.
पहिल्या दिवशी म्हणाला, फूल आहे.
म्हटलं, बाबा, खायला काय आहे?
आलं ते वाफाळतं, डाळिंब्यांच्या उसळीची मावसबहीण,
आणि रोटी एवढी मोठी
की ताटाबाहेर लोंबत होती, टेबलक्लॉथसारखी.

वॉकलीला डोरीन.
टोस्टवर बीन्स, बीन्सवर अंडं, वर चहा.
हिशेब तोंडी करते, आणि चुकते,
आजवर नेहमी माझ्याच बाजूनं.

ॲटरक्लिफला कारखान्याच्या भिंतीला टेकलेली व्हॅन.
ब्रेडकेकमधलं अंडं दाबलं की फुटतं.
एका लिफ्टच्या तपासणीच्या कागदावर
माझी सही पिवळी आहे.

पण शुक्रवार ग्लेंडाचा.
हिल्सबरोत, ट्रामच्या रुळांलगत,
बोटाएवढ्या जाड चिप्स, मीठ, व्हिनेगर,
वर फुकटचा चुरा, कढईत तळाशी उरलेला.
"घे लव्ह," म्हणते. इथं सगळे सगळ्यांना लव्ह म्हणतात,
मला वर्षभर कळत नव्हतं कुठं बघावं.
तीन वर्षं. एक शुक्रवार चुकला नाही.
इचलकरंजीहून आई फोनवर विचारायची, काय जेवलास?
बटाटा, आई.
खोटं एक अक्षर नाही.

मग एकदा रांग दारापर्यंत होती,
मी कडेला सरकलो आणि मागची खोली दिसली.
खोके. खोक्यांवर गाय.
मला वाटलं, दूध असेल.
ग्लेंडानं पांढरी वीट सोलली
आणि कढईत सोडली.
"ड्रिपिंग, लव्ह. यॉर्कशरमध्ये तेलात कोण तळतं?"
अभिमानानं म्हणाली. अगदी बरोबर होतं तिचं.
शर्टाच्या आत चांदीच्या करडगीतलं लिंग
एकदम गार लागलं.
पुडी हातात होती. गरम होती.
(ती संपवली की टाकली, ते इथं लिहीत नाही.)

ट्रेवरला सांगितलं, शाफ्टमध्ये, टॉर्च धरून.
तो विचार करून म्हणाला,
नवा नियम जुन्या लिफ्टला लागू होत नाही.

मग सुरू झालं.
दुकान दिसलं की आत जायचं, विचारायचं :
तेल की चरबी?
कुणी हसलं. कुणी म्हणालं, तुला काय हवंय ते सांग, तेच आहे.
एक म्हातारा असा भडकला
जसं काही मी त्याच्या आईबद्दल विचारलं.
ओळखीचं शहर अर्धं झालं,
उरलेल्या अर्ध्यात मी उपाशी हिंडत होतो,
म्हणजे नजीब होता, डोरीन होती, पण शुक्रवार उपाशी.

शेवटी ट्रामच्या टोकाला सापडलं.
स्टॉपचं नाव हाफवे, अर्धी वाट,
आणि ट्राम तिथं संपते. कुणी ठेवलं असेल हे नाव?
मिसेस ल्युंगनी दार उघडलं
आणि घाण्याचा वास आला.
शेंगतेल!
लूमच्या खडखडाटातून वडील जेवायला घरी यायचे
तेव्हाचा वास, डब्याच्या झाकणाचा.
चिप्स सोनेरी होत्या. कुरकुरीत होत्या.
भिंतीकडं तोंड करून खाल्ल्या, सगळ्या.

आता खरं सांगतो, कारण कागद आईला वाचून दाखवणार नाही :
त्या जास्त चांगल्या होत्या.
ग्लेंडाच्या.

रात्री आईनं विचारलं, काय जेवलास?
बटाटा.
आणि चार वर्षांत पहिल्यांदाच विचारलं,
कशात तळलेला?
शेंगतेलात, म्हणालो.
"मग एवढा हळू का बोलतोयस?"

हाफवेला ड्रायव्हर उठतो,
चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जाऊन बसतो,
आणि तीच गाडी उलटी निघते, सबंध शहर ओलांडून
हिल्सबरोवरून.
तिथं दारं उघडतात. वास आत येतो.
मी उतरत नाही.
पण श्वासही रोखत नाही.
वासाला नियम आहे का, ट्रेवरला विचारलंय.
बघून सांगतो म्हणालाय.